वर वार्निश, खाली खळ

जगात मान मिळवू पाहणाऱ्या प्रत्येक वस्तूचे दोन भाग असतात: दाखवायचा वरचा आणि सोसायचा खालचा. देवळाला कळस असतो आणि पाया असतो. पायाचे दर्शन घ्यायला कोणी रांग लावत नाही. कचेरीत वर साहेब असतो, खाली पट्टेवाला असतो. शिकलेल्या माणसाचेच पाहा. कमरेच्या वर तो कोट, कॉलर आणि घड्याळाची साखळी घालून थेट विलायतेत असतो आणि कमरेच्या खाली धोतर नेसून आपल्या गावी असतो. (दोन्ही मुलखांची सरहद्द कोटाची शेवटची गुंडी सांभाळते. तिच्यावर केवढी जबाबदारी आहे, हे ती तुटल्यावर कळते.)

ही रचना आपल्याकडे कित्येक वर्षे बिनबोभाट चालली होती. विलायती मोटार-कारखानदारांना मात्र तिचा शोध उशिरा लागला. तोवर लहान मोटार म्हणजे चार चाकांवर ठेवलेला एकरंगी डबा असे, आणि पाहणाऱ्याला नेमके कुठे पाहून थक्क व्हावे हे कळत नसे. मग कोणा शहाण्याने डब्याच्या कमरेला एक पट्टी मारली, पट्टीच्या वर सायीचा रंग दिला, खाली काळा दिला, आणि डब्याला एकदम खानदान आले.

सोलापुरात ही विद्या १९३१ साली येऊन पोहोचली. आदल्या वर्षी शहरात मार्शल लॉ होऊन गेला होता, त्यामुळे शहर शोभिवंत करण्याची निकड सगळ्या प्रतिष्ठितांना एकाच वेळी पटली होती. त्यातून ‘सोलापूर नगरशोभा व वाहनशिष्टाचार मंडळ’ निघाले. अध्यक्ष रावसाहेब सिद्धनाथ उपळाईकर. रावसाहेबांनी आयुष्यात कोणाचे वाईट केले नव्हते, आणि चांगले केल्याचेही कोणाच्या ऐकिवात नव्हते. अशा निर्मळ चारित्र्याबद्दलच सरकारने त्यांना रावसाहेबी दिली होती.

मंडळाचे नियम थोडके पण पक्के होते. सभासदाने बैठकीला स्वतःच्या मोटारीतून यावे. मोटार लहान असली तरी चालेल, पण दोन रंगांची असावी. टांग्यातून येणाऱ्यास मांडवाबाहेर उभे राहून टाळ्या वाजवण्याची मुभा राहील. आणि शेवटचा नियम असा, की सभासदाच्या घराण्याविषयी मंडळ कसलीही चौकशी करणार नाही (चौकशी करायची पाळी येणार नाही, एवढे सभासदाने पाहावे).

या मंडळात भवानी पेठेतल्या बाळासो बिरप्पा सरगर यांचा जीव अडकला होता.

बाळासो मूळ कुंभारीचे. वडील बिरप्पा मेंढरामागे फिरता फिरता वारले. बाळासोंनी मात्र लढाईच्या काळात पलटणींना घोंगड्या पुरवल्या, भवानी पेठेत दुकान काढले आणि वर पाटी लावली, ‘बी. बी. सरगर, वुलन मर्चंट’. आत घोंगड्याच होत्या, पण पाटी वाचून आत आलेल्या माणसाला त्या थोड्या मऊ लागत. बोलणेही त्यांनी घासूनपुसून घेतले. ‘हाय’चे ‘आहे’ केले, ‘न्हाय’चे ‘नाही’ केले. राग आला की मात्र जुने शब्द उसळून वर येत, म्हणून त्यांनी रागावणेच सोडून दिले. पेठेत त्यांच्या शांत स्वभावाची तारीफ होई.

आई मायाक्का कुंभारीतच होती, शेळ्यामेंढ्यांपाशी. कोणी गावाकडची चौकशी केली, की बाळासो म्हणत, “थोडी जनावरं आहेत तिकडं. माणसं बघतात.” माणसं म्हणजे मायाक्का. आईवर त्यांचा जीव नव्हता असे नाही. साखर, चहा, लुगडे, सगळे वेळच्या वेळी जाई. स्वतःही ते बाजाराच्या निमित्ताने जाऊन तिच्या हातची भाकरी खाऊन येत. एवढेच, की खाल्लेली भाकरी पेठेत सांगत नसत.

रावसाहेबांकडे बाळासो वर्षातून दोनदा घोंगड्या घेऊन जात, तेव्हा त्यांना ओसरीवरच्या बाकावर बसवत. आतल्या बैठकीत वेताच्या खुर्च्या होत्या. दार उघडे असे, खुर्च्या दिसत, त्यांच्यावर माणसे टेकून बसलेली दिसत, आणि बाळासोंना बाकावर पाठ टेकायला भिंतसुद्धा नसे. त्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीत एकदा, साहेबलोकांच्या देखत, पाठ टेकून बसायचे, एवढेच त्यांना आयुष्यात उरले होते. त्यासाठी मंडळात शिरणे भाग होते. मंडळासाठी मोटार भाग होती.

मोटार मुंबईहून आली, पण ती कपडे न घालता आली. तयार विलायती बॉडी महाग आणि येणार कधी त्याचा नेम नाही. म्हणून दुकानदाराने नुसता सांगाडा पाठवला: इंजिन, चाके, गोल चाकाचा दांडा आणि सोबत एक रंगीत चित्रांचे पुस्तक. चित्रात मोटारीचा वरचा अर्धा भाग सायीचा, खालचा काळा, आणि शेजारी एक मडम हसत उभी. (मडम सांगाड्यात धरलेली नाही, असा खुलासा खाली बारीक अक्षरात होता.) रेल्वेने पेट्रोल सोबत येऊ दिले नव्हते, त्यामुळे ही अत्याधुनिक यंत्रणा स्टेशनापासून भवानी पेठेपर्यंत बैलजोडीने ओढून आणली.

बॉडी करायचे काम कोंडीबा सुतारावर सोपवले. कोंडीबा टांगे करीत असे. मोटार म्हणजे घोडा गिळून बसलेला टांगा, असे तिचे स्वरूप त्याने पहिल्याच दिवशी ओळखले आणि बाभळीच्या लाकडाचा ताठ, बरगड्याबरगड्यांचा सापळा उभा केला. प्रश्न आला तो बरगड्यांवर काय मढवायचे याचा.

आधी पत्रा करून पाहिला. शहरात तयार मिळणारा पत्रा म्हणजे रॉकेलच्या डब्यांचा. एका दाराला तो ठोकून झाल्यावर दारावर ‘आगीपासून दूर ठेवा’ अशी सूचना आली, आणि मोटार चालू करताच पत्रा असा काही खडखडला, की गल्लीतले दोन टांगे घोड्यांसकट आणि एक टांगा घोड्याशिवाय पुढच्या पेठेत जाऊन थांबला. मग फळी मारली. सोलापूरच्या वैशाखात फळीने आपला स्वभाव दाखवला. सकाळी उघडणारे दार दुपारी फुगून बसले, आणि आत खिळे मारीत असलेला कोंडीबा ऊन उतरेपर्यंत आतच राहिला. बाहेरून त्याला पाणी नळीने पाजावे लागले.

तेव्हा बाळासोंनी चित्रांचे पुस्तक पुन्हा उघडले आणि त्यांना एक दिव्य मजकूर सापडला. पॅरिस आणि लंडन येथील उच्चभ्रू मंडळी हल्ली पत्र्याच्या मोटारीत बसतच नाहीत म्हणे. ती कापडाच्या मोटारीत बसतात. लाकडी सापळ्यावर जाड कापड ताणून मढवायचे, त्यावर एक खास द्रावण चोपडायचे; वजन कमी, आवाज नाही, दिसायला राजेशाही.

“कापड!” बाळासो म्हणाले. गोदाम तर भरलेले होते.

“म्हंजी घोंगडं मारायचं मोटारीला?” कोंडीबाने विचारले.

“घोंगडं नाही म्हणायचं. वुलन फॅब्रिक म्हणायचं.”

“बरं. तेच मारतो की. पर पोटात झोल यील, मालक. त्येला घट्ट माल पायजे.”

घट्ट माल एकाच ठिकाणी होता. मायाक्काच्या हातची घोंगडी पावसात उभी केली तर थेंब आत येत नसे. बाळासो कुंभारीला गेले आणि दोन घोंगडी मागितली, एक पांढऱ्या लोकरीचे, एक काळ्या.

“मोटारीला थंडी वाजती व्हय रं?” मायाक्काने विचारले.

बाळासोंनी तिला पॅरिस आणि लंडन समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “दिती की. तुला न्हाय तर कुणाला दिऊ? पर मला बी बसीव एकदा. लांब न्हाय. बिरदेवाच्या देवळापातूर.”

“बसवतो की अव्वा. आधी मंडळाचं होऊ दे.”

अंगण मोकळे म्हणून मढवण्याचे काम कुंभारीतच करायचे ठरले. सांगाडा पुन्हा बैलांनी ओढत नेला. घोंगडी ताणून खिळे मारून झाले आणि त्या खास द्रावणाची वेळ आली. पुस्तकात द्रावणाचे नाव होते, पण ते कशाचे करतात हे नव्हते (कारखानदार एवढे भोळे नसतात). कुंभारीत मात्र सैल पडणाऱ्या लोकरीवर पिढ्यान्‌पिढ्या एकच द्रावण चालत आले होते. मायाक्काने चिंचोके भाजले, कुटले, दळले, शिजवून त्यांची खळ केली आणि कुंच्याने घोंगड्यावर मारली. वाळल्यावर टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज निघाला. कोंडीबाने मान डोलावली. लंडनला याहून जास्त काही करत असतील असे त्याला वाटेना.

बाळासोंना मात्र चकाकी हवी होती. त्यांनी पेठेतून विलायती वार्निशचा डबा आणला आणि टपापासून खाली मारायला घेतले. डबा खिडकीच्या खाली वीतभर येऊन संपला. जिथे वार्निश संपले, तिथे कोंडीबाने पितळेची पट्टी ठोकली, आणि मोटारीला कंबर आली. पट्टीच्या वर पांढरे घोंगडे वार्निशखाली सायीसारखे चमकू लागले. पट्टीच्या खाली काळे घोंगडे नुसत्या खळीत उभे राहिले. मोठमोठ्या फॅशनी अशाच ठरत असाव्यात, फक्त डबा संपल्याचे कोणी सांगत नाही.

येथे एक तांत्रिक बाब नोंदवणे जरूर आहे. कुंभारीत खळ लावलेली घोंगडी नेहमी उंच दोरीवर वाळत घालतात. का, ते गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. मोटार काही दोरीवर वाळत घालता येत नव्हती. मायाक्काच्या हे ध्यानात आले नाही, कारण मोटार तिने घोंगड्यांत धरली नव्हती. कोंडीबा टांगे करणारा. बाळासोंना लहानपणापासून माहीत होते. पण ते माहीत असलेला बाळ्या कुंभारीतच राहून गेला होता आणि मोटार वुलन मर्चंटची होती. काम चालू असताना गोठ्यातल्या शेळ्या कुडाशी तोंडे लावून सारख्या ओरडत होत्या. मोटार त्यांनाही आवडलेली दिसते, असे बाळासो कौतुकाने म्हणाले.

समारंभाचा दिवस उजाडला. तळ्याकाठच्या मैदानावर मांडव पडला होता. मंडळाच्या मोटारी पाहायला मुंबईहून एक मोठे गोरे साहेब यायचे होते. ते कोणत्या खात्याचे हे शेवटपर्यंत कळले नाही (साहेब जितके मोठे, तितके खाते पुसट). त्याच दिवशी नव्या सभासदाची निवड व्हायची होती.

बाळासो कोट घालून, कडक इस्त्रीचे खळीचे धोतर नेसून कुंभारीत मोटारीशी आले तेव्हा रस्त्याकडेच्या दगडावर मायाक्का बसली होती. अंगावर त्यांनीच पाठवलेले नवे लुगडे. त्याची घडी तिने आजवर मोडली नव्हती. खांद्यावर मात्र नेहमीचे घोंगडे.

“आज न्हाय अव्वा,” बाळासो घाईघाईने म्हणाले. “आज मंडळ हाय.” घाईतही राग आल्यासारखेच शब्द निसटतात, हे त्यांना नव्याने कळले.

“बरं,” मायाक्का म्हणाली. “मग उंद्या.” आणि नव्या लुगड्यानिशी उठून तिने शेळ्यांचा गोठा उघडला.

शेळ्या माळाकडे वळल्या नाहीत. मोटारीच्या मागे निघाल्या. मोटार मैलामैलावर पाणी प्यायला थांबत होती, त्यामुळे दोघींच्या वेगात फारसा फरक पडला नाही. शेळ्यांमागे मायाक्का निघाली. मोटारीला मागचे दिसावे म्हणून आरसा बसवलेला होता, पण बाळासोंनी तो फेटा दिसेल असा वळवून घेतला होता. अशी ती मिरवणूक सोलापुरात शिरली, आणि तिच्या म्होरक्याला ती मिरवणूक आहे याचा पत्ता नव्हता.

मैदानावर मोटारी ओळीने लागल्या. इतरांच्या विलायती मोटारी पत्र्याच्या होत्या, बाळासोंची तेवढी कापडाची. साहेबांनी पितळी पट्टीच्या वर हात फिरवला आणि भुवया उंचावल्या. रावसाहेबांनी साहेबांच्या भुवयांकडे पाहून आपल्याही उंचावल्या. मग सगळी मंडळी मांडवात गेली, आणि पाहता पाहता ती गोष्ट घडली. कोणीतरी बाळासोंच्या कोपराला धरले आणि म्हणाले, “बसा की, सरगरसाहेब.” समोर वेताची खुर्ची होती.

बाळासो बसले. पाठ टेकली. वेत किंचित कुरकुरला आणि त्यांना डोळ्यांत पाणी येईल की काय असे वाटले.

रावसाहेबांचे ‘मोटार व मर्यादा’ या विषयावर भाषण चालू होते. कुठेशी घंटा किणकिणली. मांडवात ती एकट्या बाळासोंना ऐकू आली, कारण ती चंद्रीच्या गळ्यातली होती. चंद्री म्हणजे त्यांच्या कळपातली पुढारी शेळी. पाठोपाठ चघळण्याचा तो ओला, दाट, समाधानी आवाज आला. मेंढरामागे वाढलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही कळतो. काय खाल्ले जाते आहे, तेही कळते. उंच दोरी एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे आली. उठून चार पावले टाकली असती तर निम्मी मोटार वाचली असती. पण उठले असते तर खुर्ची गेली असती. बाळासोंनी जोरात टाळ्या वाजवल्या. सभेनेही वाजवल्या. रावसाहेबांना आपण काय बोललो ते कळले नाही, पण त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटले.

मंडळी बाहेर आली. पितळी पट्टीच्या वर मोटार सायीसारखी लखलखत होती. पट्टीच्या खाली मोटार नव्हती. बाभळीच्या बरगड्या होत्या, त्यांना कुरतडलेल्या काळ्या लोकरीची झालर लोंबत होती आणि आतून इंजिनाची आतडी दिसत होती. वार्निश शेळ्यांना चालले नव्हते. लोकरही त्या एरवी खात नाहीत, पण खळीसाठी त्यांनी ती चालवून घेतली (एखादी जागा हवी असली की माणसेही बरेच काही चालवून घेतात). शेळ्यांच्या मधोमध काठी घेऊन नव्या लुगड्यातली मायाक्का उभी होती.

“बाळ्या,” ती ओरडली, “अरं खाल्लं की रं समदं! दोरीवर न्हवतं न्हवं!”

रावसाहेबांनी विचारले, “सरगर, ही बाई तुम्हाला ओळखते?”

बाळासोंनी साहेबांकडे पाहिले, मांडवातल्या खुर्चीकडे पाहिले, आणि म्हणाले, “शेळ्या राखते आमच्याकडं.”

हे वाक्य कोणीही तपासून पाहावे. त्यात एकही शब्द खोटा नाही. मंडळाच्या पुढच्या सगळ्या ठरावांना तोच नमुना धरण्यात आला.

मायाक्काने काठी खाली घेतली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. “व्हय जी,” ती रावसाहेबांना म्हणाली, “शेरडं राकती म्या.” मग बाळासोंकडे न बघता, “चुकी झाली, मालक.” आणि चंद्रीला हाकलून तिने कळप वळवला. बाळासोंनी कोटाची शेवटची गुंडी लावून घेतली.

तेवढ्यात साहेब बोलले. ते काय बोलले ते दुभाष्याने असे सांगितले: उष्ण मुलखात मोटारीचा खालचा भाग मोकळा ठेवून हवा खेळती राखण्याची ही युक्ती फारच सुज्ञपणाची आहे, आणि काठाची ती नैसर्गिक झालर तर अप्रतिम. रावसाहेबांनी जागच्या जागी बाळासोंना सभासद केले. पुढच्याच बैठकीत चिटणीस केले.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. मंडळाने ठराव केला, की शहरातील प्रत्येक शिष्ट मोटारीचा वरचा अर्धा भाग वार्निशचा आणि खालचा खाल्लेला असावा. विलायती पत्रे निघाले, घोंगडी चढली, चिंचोक्यांचा भाव कडाडला. काहींनी कात्रीने झालर कापून पाहिली, पण ती सरळ येई आणि खोटी दिसे. हल्लेखोर जातिवंत हवा, असे मंडळाच्या तांत्रिक उपसमितीने मत दिले. मैंदर्गीच्या बाजारातून आणलेल्या शेळ्यांनी खळीबरोबर गाद्याही खाल्ल्या. तेव्हा एकामागून एक मोटारी कुंभारीला जाऊ लागल्या.

मायाक्काने कोणाकडून काही घेतले नाही. तिची एकच अट होती. “आयला घिऊन या. आय मोटारीत बसल्याली दिसली, की शेरडं सोडती.”

या अटीने मंडळात मोठी अडचण निर्माण झाली. उपसमितीच्या पाहणीत असे आढळले, की बऱ्याच सभासदांच्या माता गावी होत्या आणि त्यांना मोटार लागते, असे सभासदांचे म्हणणे होते (मातांना विचारलेले नव्हते). काहींच्या घरातच होत्या, पण त्यांच्यापाशी मोटारीला शोभेल असे लुगडे नव्हते. रावसाहेबांच्या मातोश्री कैलासवासी होत्या, असे ते सांगत. त्या माजघरातून ते ऐकत असत. अखेर चिटणीस या नात्याने बाळासोंनीच तोड काढली. भवानी पेठेत गोजरबाई नावाच्या एक विड्या वळणाऱ्या म्हाताऱ्या बाई होत्या. दिसायला कोणाचीही आई वाटावी अशा. त्यांना लुगडे नेसवून प्रत्येक सभासदाच्या मोटारीत पाळीपाळीने बसवण्यात आले. एका रविवारी त्या तिघांच्या आई झाल्या.

मायाक्का दरवेळी मोटारीत डोकावून बघे, गोजरबाईंना ओळखून थोडे हसे आणि शेळ्या सोडी. अट पाळली गेली होती.

मग बाळासोंची पाळी आली. त्यांच्या मोटारीला नवे काळे घोंगडे चढले होते, खळ वाळली होती. ते टाळत होते. पण चिटणिसाचीच मोटार खाल्लेली नाही हे बरे दिसेना. रावसाहेब म्हणाले, मीही येतो. म्हणजे पर्याय उरला नाही. बाळासो खळीच्या धोतरात चाकाशी बसले, शेजारी रावसाहेब, मागे गोजरबाई.

कुंभारीत मोटार त्याच दगडापाशी थांबली. मायाक्का उठून आली. तिने पुढे बघितले नाही. मागच्या खिडकीशी गेली आणि गोजरबाईंकडे बराच वेळ बघत राहिली.

“तुमचा ल्योक व्हय ह्यो?”

गोजरबाईंनी बाळासोंच्या पाठीकडे बघितले. “व्हय,” त्या म्हणाल्या.

“बरा हाय न्हवं?”

“बरा हाय की.”

“जेवतो का येळंला? ल्हान हुता तवा भाकरी अर्दी टाकून पळायचा...” मायाक्का थांबली. “म्हंजी समद्यांचीच पोरं पळत्यात.” मग पुढे येऊन म्हणाली, “मालक, म्हातारीला मागं बसवू नगा. हादरं बसत्यात.”

गोजरबाई घाईने दार उघडून उतरू लागल्या. “बाई, तुमी बसा की वाईच. जागा हाय.”

“नगं,” मायाक्का म्हणाली. “माजी पाळी न्हाय ती.” आणि तिने गोठा उघडला.

“हुशार दिसते बाई,” रावसाहेब म्हणाले. “कोण म्हणाला होतात ही?”

“शेळ्या राखते,” बाळासो म्हणाले. या वेळी हे वाक्य उच्चारायला पहिल्यापेक्षा सोपे गेले.

शेळ्या नेहमीप्रमाणे कामाला लागल्या. चंद्री मात्र दाराच्या फटीतून पुढे आली. तिने बाळासोंच्या गुडघ्याचा वास घेतला. धोतरही खळीचेच होते. ती धोतर खाऊ लागली. हाकलावे, तर त्यासाठी धनगरी हाळी द्यावी लागणार, आणि शेजारी रावसाहेब. बाळासो तसेच बसून राहिले. समोरच्या आरशात त्यांचा फेटा आणि कोट जसेच्या तसे होते. चंद्रीने सावकाश, नीट, घरच्यासारखे खाल्ले.

खाऊन झाल्यावर मायाक्का दाराशी आली. तिने खांद्यावरचे घोंगडे काढले आणि मालकांच्या मांडीवर पांघरले, कडा नीट खोचून दिल्या, लहान पोराच्या खोचतात तशा.

“असू द्या,” ती म्हणाली. “गावातनं जायाचं हाय तुमास्नी.”

“आभारी आहे,” बाळासो म्हणाले. शुद्ध.

वर कोट, खाली घोंगडे अशा स्थितीत ते भवानी पेठेतून गेले. लोकांनी पाहिले. पुढच्या बैठकीला तिघे सभासद तसेच नेसून आले. बाळासोंनी ते घोंगडे धुऊन परत पाठवायचे ठरवले होते. सवड झाली नाही. मायाक्का त्या थंडीत गेली. मंडळाने दुखवट्याचा ठराव केला नाही, कारण शेळ्या राखणाऱ्या बाईसाठी तशी तरतूद नियमांत नव्हती. चिटणिसांनी ती सुचवलीही नाही.

मंडळ अजून चालू आहे. मोटारी बदलल्या, रंग बदलले, नियम तेच आहेत. मागच्या बाकावरची जागा रिकामीच असते. नव्या सभासदांची नोंदणी वर्षभर चालते आणि घराण्याची चौकशी आजही केली जात नाही. हे वाचताना ज्यांना मधेच आपल्या कुंभारीची आठवण झाली, आणि तरीही जे खुर्चीची पाठ न सोडता या ओळीपर्यंत आले, त्यांनी वेगळा अर्ज करण्याचे कारण नाही.